तेहतीस धोंडे

सिंधुच्या लग्नाला बारा वर्षं झाली. तेवढ्यात चार वेळा अधिक महिना आला, म्हणजे आपला धोंड्याचा महिना, आणि चारही वेळा सिंधुच्या आईनं पुरण शिजवून जावयाची वाट पाहिली. कणकेच्या पारीत पुरण भरायचं, लांबट उंडे वळून उकडायचे, जावयाला नवे कपडे करून पाटावर बसवायचं आणि दिव्यासकट तेहतीस धोंड्यांचं ताट त्याच्यापुढं ठेवायचं, अशी साधी रीत. पण जावई आला तर ना. एका अधिकात म्हैस विणार होती, दुसऱ्यात विहिरीवरची मोटार जळाली होती, तिसऱ्यात पाय मुरगळला होता. चौथ्यात शेषेरावनं कारण शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. सरळ म्हणाला, "करमत न्हाई मला तिकडं."

खरं होतं ते. सावळगाव सोडून दुसरीकडं रात्री पाठ टेकायची म्हटलं की हा माणूस अंगणातली बाज धरून बसायचा. स्वतःच्या लग्नात वऱ्हाड मुक्काम करतंय हे कळल्यावर तो नवरदेवाच्या बाशिंगासकट रुसला होता. म्हणून यंदा ज्येष्ठ अधिक आला तेव्हा सिंधुनं शेवटचं हत्यार काढलं. "ह्या बारीला आला न्हाईत तर मी तिकडंच राहीन, आन् भाकरी तुम्ही थापून खावा," ती म्हणाली. शेषेराव मुकाट तयार झाला.

एवढ्या वर्षांनी जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं? शेषेरावच्या आणि त्याचा धाकटा भाऊ सुदर्शन याच्या रानांच्या मधल्या बांधावर आंब्याचं एक झाड आहे. वाटणीत घर वाटलं, रान वाटलं, म्हशीही वाटल्या, झाड तेवढं राहिलं. त्यामुळे दरसाल आंबे पिकले की भावांचं भांडण पिकतं. आदल्या दिवशी ते यथासांग झालं होतं. निघायच्या दिवशी सकाळी शेषेराव पिशवी घेऊन झाडाखाली गेला, खालचे आंबे काढले आणि शेंड्याजवळच्या, पाडाला लागलेल्या तीन आंब्यांवर त्यानं दगड मारायला सुरुवात केली. पहिला दगड फांदीला लागला. दुसऱ्यानं पाला पडला. तिसरा झाडावरून पार पलीकडे गेला आणि तिकडून सुदर्शनचं ओरडणं ऐकू आलं.

इथं शेषेरावची चूक झाली हे सिंधुही मान्य करायची. त्यानं जाऊन बघायला पाहिजे होतं. पण सुदर्शन बारा महिने ओरडतच असतो. वासरू सुटलं तरी ओरडतो, नाही सुटलं तरी ओरडतो. शेषेरावला वाटलं, आंब्याचंच असेल, आणि तो पिशवी उचलून दहाच्या गाडीनं बायकोसोबत उदगीरकडे निघून गेला. मागं सुदर्शनच्या कपाळाला पाच टाके पडले. टाक्यांपेक्षा भाऊ बघायलासुद्धा आला नाही, याचा राग त्याला मोठा होता. त्या रागात तो ठाण्यात गेला आणि सांगून आला, "भावानं धोंडा घालून माझं डोकं फोडलं अन् पळून गेला."

दुसऱ्या दिवशी दुपारी, उदगीरजवळच्या त्या खेड्यात, डोक्याला फेटा, अंगात घडी मोडलेला नवा सदरा आणि कपाळाला कुंकू अशा थाटात जावई पाटावर बसलेला असताना दारात पोलिसांची गाडी थांबली.

सिंधुच्या आईनं आधी पोलिसांनाही पाहुणेच समजून पाट मांडले. नंतर समजलं तेव्हा ती रडली, पण ताट काही परत नेलं नाही. शेषेरावला घेऊन गाडी गेली आणि सिंधु पुढचे चार दिवस एकाच विचारानं जळत राहिली. आपणच ओढून आणलं. घरी असता तर भावाचं डोकं बांधून, दोन शिव्या देऊन-घेऊन प्रकरण मिटलं असतं. जो माणूस सासुरवाडीत एक रात्र काढायला तयार नव्हता तो कोठडीत चार रात्री काढतोय, आणि मृग लागायला आठ दिवस राहिलेत. या पश्चात्तापात तिला घास गोड लागेना.

तालुक्याच्या कोर्टात रेणुकादास वकील चांगले म्हणून ऐकलं होतं. बावन्न वर्षांचे, अविवाहित, भाषा अगदी छापील. त्यांच्या टेबलावर उच्च न्यायालयांच्या निकालांचा एवढा ढीग होता की पलीकडे वकील बसलेत हे सिंधुला ते बोलल्यावरच समजलं.

"हे पाहा, ताई," ते म्हणाले, "आज कोठडीची मुदत संपते आहे. जामीन झाला तर शेषेराव आजच सुटतील, नाही झाला तर नांदेडच्या जेलमध्ये. न्यायालय जामीन देताना गुन्हा खरा की खोटा हे ठरवत नाही. गुन्हा किती गंभीर आहे ते बघतं, आणि माणूस कसा आहे ते बघतं. पहिला प्रश्न, आरोपी पळून जाईल का?"

"पळून? आमचे हे?" सिंधुला एवढ्या दुःखातही हसू आलं. "त्यांना एस.टी.त बसवायला मला बारा वर्षं लागले, वकीलसाहेब."

"पुरावा नष्ट करतील का?"

"ते कायबी नष्ट करत न्हाईत. फुटकी बादली टाकू देत न्हाईत मला."

"साक्षीदारावर दबाव आणतील का?"

आता साक्षीदार म्हणजे सुदर्शन. त्याच्यावर त्याच्या स्वर्गवासी वडिलांचाही कधी दबाव पडला नव्हता. सिंधुनं जोरात नकाराची मान हलवली.

"उत्तम," म्हणत वकिलांनी पोलिसांचा 'से' उघडला. जामीन अर्जावर पोलीस आपलं म्हणणं लिहून देतात त्याला कोर्टात 'से' म्हणतात. वकील तो वाचू लागले आणि वाचता वाचता त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, वकिलाशी खोटं बोलू नये. तुमच्या आईनं जावयाला किती धोंडे दिले?"

सिंधुला वाटलं, किती काळजीनं चौकशी करतो माणूस. "तेहतीस," ती म्हणाली.

"तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"म्हंजे काय? मीच तर मोजून ठेवले. आईनं आन् मी पहाटेपासून लागून केले."

"केले? घरी?" वकिलांनी कपाळाचा घाम पुसला. "तुम्हीसुद्धा यात आहात?"

"मग एकट्या म्हाताऱ्या बाईला होतेत का तेवढे? पाचच गेले ह्यांना. लई म्हणलं, आणखी एक घ्या, आणखी एक घ्या. पर पोलीस आले."

रेणुकादास वकिलांना उभ्या आयुष्यात जावई होण्याचा योग आला नव्हता आणि कायद्याची पुस्तकं धोंड्याच्या महिन्याबद्दल काही सांगत नाहीत. त्यांनी दोन्ही हात जोडले. "ताई, आता जे बोललात ते पुन्हा कुणाजवळ बोलू नका. कोर्टात तर तोंड उघडूच नका. शपथ घ्या." सिंधुनं बिचारीनं शपथ घेतली. एवढं धोंड्याचं काय गुपित ठेवायचं, हे तिला समजेना, पण कोर्टाच्या रीती वेगळ्या असतील असं तिनं मानलं.

दुपारी तीनला प्रकरण पुकारलं. न्यायाधीश मॅडम लातूरकडच्या होत्या, पस्तिशीच्या, आवाज हळू आणि नजर तेज. शेषेराव पोलिसांच्या मध्ये उभा होता. अंगात तोच नवा सदरा, आता चार दिवसांचा मळलेला. फिर्यादी म्हणून सुदर्शनही आला होता, डोक्याला ही मोठी पट्टी बांधून. सिंधुकडे बघून त्यानं नजर चुकवली. शेजारी जमादार, ज्यांनी तपास केला ते, आणि त्यांच्यामागे शिपाई संगमेश, जो उदगीरला अटक करायला आला होता. संगमेश सारखा कोर्टाच्या छताकडे बघत होता.

रेणुकादास वकील उभे राहिले आणि अर्धा तास बोलले. आरोपीची समाजात खोलवर पाळंमुळं आहेत, असं ते म्हणाले तेव्हा सिंधुला पहिल्यांदा वकील पटले. पाळंमुळं तर अशी होती की माणूस उपटून गाडीत घालावा लागला होता. मग त्यांनी निकालांमागून निकाल वाचले. मॅडमनी शेवटी हात वर केला.

"वकीलसाहेब, कायदा कळला. 'से'मध्ये तेहतीस धोंड्यांचा उल्लेख आहे. त्याबद्दल तुमचं काय म्हणणं?"

वकिलांनी घसा साफ केला. "मॅडम, माझ्या अशिलानं त्यातले फार तर पाच वापरले आहेत."

सरकारी वकीलही इकडं नवेच, आणि त्यांना एवढी सोपी केस आयुष्यात मिळाली नसावी. ते उठले आणि त्यांनी 'से' मोठ्यानं वाचायला घेतला. "आरोपीने पंचांसमक्ष निवेदन केले की, गुन्ह्यातील धोंडे एकूण नग तेहतीस असून ते माझे सासूने मला पुरविले. एवढेच देण्याचा त्यांचेकडे रिवाज आहे. पैकी नग पाच मी संपविले. उर्वरित सासूने पितळी ताटात घालून झाकून ठेवले आहेत. मॅडम, हा रागाच्या भरात उचललेला एक दगड नाही. ही पूर्वतयारी आहे. आरोपी हत्यारं घेऊन परजिल्ह्यात पळाला, तिथं ती लपवली. त्याची सासू हीच या कटाची सूत्रधार दिसते. तिला ताब्यात घेऊन—"

इथपर्यंत सिंधु गप्प होती. सगळं ऐकून तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता, पण शपथ होती. मात्र आईचं नाव निघालं आणि शपथ-बिपथ सगळी वाहून गेली.

"ओ मॅडम!" ती बाकावरून ताडकन उठली. "ते खायचे धोंडे हायत! पुरणाचे! धोंड्याच्या महिन्यात जावयाला देतेत ते! माझ्या आईला कशाला मधी घेऊन राहिले हे लोक?"

रेणुकादास वकील हळूच खाली बसले. मॅडमनी पेन ठेवलं आणि 'से' पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. वाचताना त्यांनी दोनदा रुमाल तोंडाला लावला.

"जमादार, आपण कुठले?"

"कोकणातला, मॅडम. बदली होऊन दोन महिने झाले."

"तिकडे अधिकात जावयाला काय देतात?"

"अनारसे, मॅडम."

"आणि धोंडा म्हणजे?"

"दगड, मॅडम," जमादार ठामपणे म्हणाले. "मी आरोपीला विचारलं, धोंडा कुठे आहे? तो म्हणाला, सासुरवाडीला. मी खाली मान घालून लिहीत गेलो. तो इतक्या सरळपणे कबूल करत होता की मलाच बरं वाटलं."

"मी म्हणलं, जेवणावरून उठवलं म्हणून साहेब इचारून राहिले," शेषेराव पुटपुटला.

मॅडमची नजर आता मागं गेली. "शिपाई संगमेश. तुम्ही तर उदगीरकडचेच ना? अटकेला तुम्ही होता. हे धोंडे तुम्ही पाहिले?"

"हाव, मॅडम."

"मग चार दिवस जमादारांना सांगितलं का नाही? ते जप्त करायला निघाले होते."

संगमेशनं छताकडे शेवटचं बघून घेतलं. छतानं काही मदत केली नाही. "मॅडम, सांगितलं असतं तर, तुला कसं माहीत, असं इचारलं असतं."

"कसं माहीत?"

"चार खाल्ले, मॅडम. ड्रायव्हरनं सहा. आज्जी ऐकेचना. वरून तूप."

यापुढं कोर्टात जो हशा पिकला तो थांबवायला कोर्टाच्या पट्टेवाल्याला तीनदा ओरडावं लागलं. सुदर्शनसुद्धा पट्टी धरून हसला आणि टाके ताणले म्हणून कळवळला. सिंधुला वाटलं, सुटलो. पण मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी पेन पुन्हा उचललं होतं.

"हसून जामीन होत नसतो," त्या म्हणाल्या. "तेहतीस धोंडे गेले, पण एक दगड राहतोच. तो आंब्याला मारला की भावाला, हे खटल्यात ठरेल, आज नाही. आज मला दोनच गोष्टी बघायच्या आहेत. बोलावलं की हा माणूस येईल का? येईल, असं दिसतं. आणि बाहेर राहून साक्षीदाराला त्रास देईल का? सरकारी वकील, तुमचं काय?"

सरकारी वकिलांनी उरलीसुरली अब्रू गोळा केली. "मॅडम, दोघांच्या घरात एकच भिंत आहे. बांध एक, झाड एक, पाणी एक. उद्या पुन्हा भांडतील." हे मात्र बिनतोड होतं.

मॅडमनी आदेश सांगितला. जामीन मंजूर. लायक जामीनदार द्यावा. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, आरोपीनं सावळगावच्या हद्दीत पाऊल ठेवू नये. फिर्यादीशी कोणताही संपर्क करू नये. गावाबाहेरचा पत्ता द्यावा आणि दर रविवारी तिथल्या ठाण्यात हजेरी लावावी.

"कुठं राहाल?" त्यांनी विचारलं.

गावाबाहेर शेषेरावचं या पृथ्वीतलावर एकच घर होतं. सिंधुनं उदगीरजवळचा आपल्या माहेरचा पत्ता सांगितला. अर्थ लक्षात आल्यावर शेषेरावनं हात जोडले.

"मॅडम, दोन महिने सासुरवाडीत? त्यापरीस जेल द्या."

"शेषेराव, ही चेष्टा नाही."

"चेष्टा न्हाई, मॅडम." त्यानं जोडलेले हात खाली घेतले. "आठ दिसांत मिरग हाय. रान तयार करून ठेवलंय. पेरील कोण?"

आता मात्र कुणी हसलं नाही. माणूस सोडवून आणला आणि वर्ष बुडवलं, असं सिंधुला झालं होतं. मॅडमनी कागदावरून नजर काढून वकिलांकडे पाहिलं. पेरणीसाठी कोर्टाला सवलत देता येते की नाही याचा निकाल रेणुकादास वकिलांच्या ढिगातही नव्हता.

"मी पेरतो," पट्टीखालून आवाज आला.

सुदर्शन उभा राहिला होता. कुणाकडेच न बघता तो म्हणाला, "मॅडम, गावात नगं तर नगं येऊ द्या त्याला. रान काय पडीक ठेवायचं हाय का? माझं झालं की त्याचं पेरतो."

शेषेराव एकदम उसळला. "तू? चाड्यावर मूठ धरता येती का तुला? बी दाट टाकतोस! तुझ्या रानात सोयाबीन न्हाई, जंगल उगवतंय!"

"आन् तुझ्या पेरणीचे तास बघ! बैल पिऊन चालल्यावानी!"

"तिफण कुणी शिकवली रे तुला?"

"तूच! म्हणून तर वाकडे येतेत!"

"गप्प बसा!" मॅडमनी टेबलावर हात आपटला. "आणि याला संपर्क म्हणतात. वकीलसाहेब, तुमच्या अशिलाला अट समजावून सांगा. पहिल्याच मिनिटाला मोडली आहे त्यानं."

माहेराहून आलेल्या सिंधुच्या वडिलांनी सातबारा दाखवून जामीन भरला, सह्या-अंगठे झाले आणि साडेपाचला शेषेराव कोर्टाच्या आवारात मोकळा उभा राहिला. रेणुकादास वकील शेजारी पहाऱ्याला. तीन हातांवर लिंबाखाली सुदर्शन. जायला निघालाय असं दाखवत होता, पण निघत नव्हता.

"सिंधु," शेषेराव मोठ्यानं म्हणाला, "भाऊजींना तुझ्या सांग, बी कणगीमागं ठेवलंय. आन् खालच्या पट्टीत पाणी धरतंय, तिथं शेवटी जा म्हणावं."

"अप्रत्यक्ष संपर्कही चालत नाही!" वकील कळवळले.

"मी माझ्या दिराशी बोलून राहिले, वकीलसाहेब," सिंधु म्हणाली. "त्याला बी कोर्टाची मनाई हाय का?" वकिलांनी आदेशाची नक्कल उघडली, दोनदा वाचली आणि ते चहा प्यायला निघून गेले.

सिंधुनं बियाणं सांगितलं, खालची पट्टी सांगितली. सुदर्शननं वैनींना सांगितलं की तांबड्या बैलाला उजवीकडे जुंपीन म्हणावं. शेषेरावनं बायकोला सांगितलं की उजवीकडे नको, तो खांदा देत नाही. असं बरंच चाललं. तीन हातांवरचं बोलणं सिंधुच्या तोंडून फिरून जात होतं आणि ती एकेक शब्द इमानानं पोचवत होती. मग सुदर्शन थांबला. पायातल्या चपलेनं त्यानं माती उकरली.

"वैनी, इचारा त्याला," तो म्हणाला, "कोठडीत जेवत होता का? का तिथं बी रुसून बसला होता?"

सिंधु नवऱ्याकडे वळली, पण निरोप सांगायची गरजच राहिली नव्हती. शेषेराव लिंबाकडे बघत होता. तो म्हणाला, "त्याला म्हणावं, टाके लई दुखतेत का?"

हा निरोपही तिनं पोचवला नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि दोघांच्या मधून बाजूला झाली.